बंद शाळांची यादी वाचणाऱ्या व्हर्नाबाई

आमच्या हॉल्सेट गावच्या चॅनेल नऊ या छोट्या टीव्ही स्टेशनने आजवर देशभर कार्यक्रम पुरवणाऱ्या चार नेटवर्कांशी संसार केला. पहिलं नेटवर्क आम्हांला टाकून मोठ्या शहरातल्या स्टेशनकडे गेलं, दुसऱ्याला आमच्या मालकांनी सोडलं, तिसरं स्वतःच बुडालं. दर वेळी बोलणी खाल्ली ती फोनवर बसणाऱ्या व्हर्ना हॉगन यांनी. "माझी मालिका कुठं गेली?" म्हणून म्हातारे खेकसायचे. बाई नाकातून सांगायच्या, "चॅनेल चारवर. अँटेना फिरव, एर्लिंग. टीव्ही नको फिरवू."

पण बाईंचं खरं काम बर्फाचं. हिमवादळ आलं की पहाटे साडेपाचला एकतीस शाळांचे मुख्याध्यापक त्यांना फोन करून आपापला गुप्त शब्द सांगायचे आणि बाई पडद्यावर बंद शाळांची यादी वाचायच्या. गुप्त शब्द आमच्यासारख्या कार्ट्यांमुळे. सातवीत मी आमचे मुख्याध्यापक ऑस्टबी सर यांचा आवाज फोनवर खोकल्यासकट काढून शाळा बंद करायला गेले होते.

"शब्द?" बाईंनी विचारलं. मी पुन्हा खोकले.

"खोकला छान जमलाय. आता दप्तर भर."

गेल्या वर्षी चौथं नेटवर्क आलं. करारात लिहिलेलं, त्यांच्या सकाळच्या कार्यक्रमात कुणी मध्ये यायचं नाही. यादी आता दीड हजार मैलांवरचं त्यांचं कार्यालय देणार, पडद्याच्या तळाशी पट्टीवर. तिथं बर्फ पडतच नाही.

जानेवारीत पारा शून्याखाली तीस. मुख्याध्यापकांनी सवयीनं बाईंनाच फोन केले. बाईंनी त्या कार्यालयाला लावला, तर यंत्र म्हणालं, आम्ही आठला उघडतो. आमच्या बस सातला निघतात. पोरं त्याआधीच रस्त्यावर उभी असतात. पडद्यावर दोन हसरी माणसं केक सजवत होती.

"व्हर्ना, आपल्याला परवानगी नाही," मॅनेजर टॉड म्हणाला.

"तू दुसरीत होतास तेव्हा तुला वादळात घरी कुणी ठेवलं रे?"

"ते वेगळं होतं."

"थंडी तीच आहे, टॉड."

सहा पंचविसाला हवामानाची दोन मिनिटं अजून आमची होती. बाई कॅमेऱ्यासमोर जाऊन बसल्या आणि एकतीसच्या एकतीस शाळा वाचल्या. यादी लांबली, त्यात केकवाल्यांची चार मिनिटं गेली. एकही पोर थंडीत उभं राहिलं नाही. दुपारी बाईंना काढून टाकलं. करारभंग म्हणे. आख्ख्या करारात पोरांच्या गोठणाऱ्या बोटांबद्दल एक ओळ नव्हती, पण केकचं मिनिट न् मिनिट मोजून लिहिलेलं.

फेब्रुवारीच्या वादळात पट्टी आली सव्वाआठला. तोवर आम्ही गावातले सहा जण बाईंच्या स्वयंपाकघरात बसून घरोघर फोन लावले होते. पहिला फोन आलेला ऑस्टबी सरांचा.

"व्हर्ना, मी बोलतोय. आज बंद."

"शब्द?"

"अगं, वीस वर्षं ओळखतेस मला. आता तर तू स्टेशनातही नाहीस."

बाईंनी पेन उचललं नाही. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमचा खोकला इथं दुसऱ्यांनाही जमतो, सर. शब्द?"

सर खोकले आणि शब्द सांगितला. मग बाईंनी शाळेचं नाव लिहिलं.