हेमंतचं घर, सरकारचं संकुल

नाशिकहून मी निघाले ती एका मोहिमेवर. मोहीम माझी नव्हती, सुमनताईची होती. सुमनताई म्हणजे बडोद्याला राहणारी माझी मोठी मावसबहीण. आठवडाभर तिचे फोन चालू होते. "तू ये. शाळेत एवढी पोरं सरळ केलीस, माझ्याही एका पोराला समजाव." हे पोर म्हणजे माझा भाचा हेमंत. तो चाळिशीला आलाय.

हेमंतला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. चाकाच्या खुर्चीत बसतो, हात मनासारखे वळत नाहीत, बोलणं सावकाश आणि अडखळत येतं. डोकं मात्र तल्लख, जीभ त्याहून. घडियाळी पोळातल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली) एका छापखान्यासाठी तो संगणकावर लग्नपत्रिका जुळवतो, गुजराती आणि मराठी दोन्ही. मागच्या वर्षी त्याने नागरवाड्यातलं आईचं घर सोडलं आणि जिग्नेश नावाच्या मित्राबरोबर वाडी भागात भाड्याच्या घरात राहायला गेला. एका प्रायोगिक सरकारी योजनेतून भाडं आणि मदतनीस बाईंचा पगार निघत होता. आता ती योजना संपत आली होती. दरम्यान सरकारने शहराबाहेर एक टोलेजंग संकुल बांधलं होतं आणि अशा सगळ्यांनी तिकडे राहावं असा नवा आराखडा होता. सुमनताईला संकुल पसंत होतं. हेमंतला नव्हतं. मी मन वळवायचं होतं, अर्थातच हेमंतचं.

सापुताऱ्यापाशी बस गुजरातेत शिरली आणि पाट्यांवरची अक्षरं बदलली. गुजराती अक्षरं मला नेहमी डोक्यावरचा पदर घसरलेल्या बायकांसारखी दिसतात. घाईत असलेली, पण ओळखीची. ती वाचता येतात या घमेंडीत मी सुरतेला रेल्वे स्टेशनवर चुकीच्या फलाटावर उभी राहिले. एका काकांनी "वडोदरा? सामे, बेन!" असं ओरडून मला समोरच्या फलाटावर पिटाळलं. धापा टाकत डब्यात चढले, बसायला जागा मिळाली, आणि शेजारच्या कुटुंबाने न विचारता माझ्या हातात ठेपले ठेवले. गुजरातेत माणूस परका राहू शकतो, उपाशी राहू शकत नाही.

संध्याकाळी नागरवाड्यात पोचले. सुमनताईचे यजमान रेल्वेत होते, आता हयात नाहीत. घरात ती एकटी, पण स्वयंपाक चौघांचा. पाणी देतानाच तिने मुद्द्याला हात घातला.

"हवे (आता) तूच सांग, आई जिवंत असताना मुलगा वेगळा राहतो? लोक काय म्हणत असतील?"

"पण संकुलात गेला तरी तो वेगळाच राहणार ना?"

"ते सरकारी आहे," ती म्हणाली, जणू त्याने नातं बदलतं. मग आवाज उतरवून म्हणाली, "तिथे डॉक्टर असतो ग. माझ्यानंतर त्याला कोण बघणार, सांग."

मी वरण-भात जेवले आणि झोपले.

सकाळी आम्ही डबा घेऊन वाडीला निघालो. हा डबा सुमनताई रोज नेते. तिकडे स्वयंपाक होतो हे तिला ठाऊक आहे, पण त्याला ती स्वयंपाक मानत नाही. वाडी म्हणजे पोळांची आणि गल्ल्यांची दाटी. तांब्यापितळेची दुकानं, शिलाईची यंत्रं, पतंगांच्या दोऱ्या, आणि या सगळ्यांतून वाट काढणारी माणसं. हेमंतचं घर तळमजल्यावर. दारासमोर सुताराने केलेला लाकडी उतार आणि त्यावर ऊन खात पसरलेलं एक मांजर. हेमंत बाहेर निघाला की ते उठतं, तो गेला की परत पसरतं, असं शेजारच्या ओटल्यावरच्या (दारापुढच्या ओट्यावरच्या) शारदाबेननी मला कौतुकाने सांगितलं.

"ये मावशी," हेमंत म्हणाला. "आईने... मला... पटवायला..."

"पाठवलंय, हो," मी म्हणाले.

"...आणलंय, म्हणत... होतो." तो हसला. "तू शिक्षिका. गाळलेल्या... जागा... भरायची सवय आहे."

हेमंतच्या वाक्याची वाट पाहणं हे एक शिक्षणच आहे. आपल्याला वाटतं तो अमुक म्हणणार आणि तो नेमकं दुसरंच म्हणतो.

जिग्नेशची ओळख झाली. गोरा, गोलमटोल, सगळ्यांचा हात दोन्ही हातांत धरणारा. त्याला शिकायला, समजायला वेळ लागतो. फरसाणाच्या दुकानात तो लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर, गोडसर चिवडा) पाकिटांत भरतो आणि मालकाने बघितलं नाही तर स्वतःच्या तोंडात. मदतनीस कोकिलाबेन सकाळ-संध्याकाळ येतात, हेमंतला आंघोळ घालतात, खुर्चीत बसवतात, रात्री सोबतीला एक मदतनीस भाऊ झोपायला येतो. बाकी घर हे दोघे चालवतात. म्हणजे हेमंत हुकूम सोडतो आणि जिग्नेश त्यातला आवडेल तेवढा पाळतो.

मी मोहिमेला सुरुवात केली. "हेमंत, संकुल एकदा बघून तर घे."

"उद्या... सरकारी बस आहे. जाणारच आहे. तुम्हीपण चला." तो इतक्या सहज तयार झाला की मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी बस आम्हाला शहराबाहेर घेऊन गेली. वस्ती संपली, शेतं लागली, मग नुसतं माळरान, आणि त्यात एक पांढरीशुभ्र इमारत. खोटं कशाला बोलू, संकुल सुरेख होतं. बाग, कारंजं, रुंद दारं, हाताला धरायला सगळीकडे दांड्या. सुमनताईने न्हाणीघराच्या फरशीवर चप्पल घासून पाहिली, घसरली नाही, तेव्हा तिने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. एका खोलीत सहा पलंग, प्रत्येकावर निळी चादर, एकही सुरकुती नाही. व्यवस्थापक उत्साही होते. एक स्वयंपाकघर, एक डॉक्टर, एक गाडी, सगळं एका छताखाली. सोबत आलेल्या सरकारी अधिकारी देसाईबेन मान डोलावत होत्या.

"सेव-उसळ... मिळेल?" हेमंतने विचारलं. सेव-उसळ म्हणजे बडोद्याच्या माणसाचा जीव. झणझणीत रस्सा, वाटाणे, वर शेव, पाव, आणि घाम पुसायला रुमाल.

"हो तर! गुरुवारी उसळ असते."

"आणि... शुक्रवारी... खावीशी वाटली तर?"

व्यवस्थापक विचारात पडले. "मग पुढच्या गुरुवारी," ते अगदी मनापासून म्हणाले. देसाईबेन खिडकीबाहेर बघायला लागल्या, पण त्यांचे खांदे हलताना मला दिसले.

बागेत एक बाई बाकावर बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस छान विंचरलेले. त्यांनी सुमनताईचा हात धरला आणि हिंदीत विचारलं, "आप किसकी माँ हो?" सुमनताईने हेमंतकडे बोट दाखवलं. बाईंनी त्याला नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "मुझे मांडवी ले जाओगे? देखकर वापस आ जाएँगे. चूड़ी नहीं लूँगी." मांडवी म्हणजे बडोद्याच्या जुन्या शहरातला गजबजलेला बाजार. परिचारिका धावत आली. "सबसे पूछती है," म्हणाली आणि प्रेमानेच त्यांचा हात सोडवून त्यांना आत घेऊन गेली. बाई जाताना मागे वळून सुमनताईकडेच बघत होत्या.

परतीच्या बसमध्ये सुमनताई खिडकीशी बसली. बडोद्याच्या वेशीशी, रहदारीत बस अडकल्यावर, एकदाच म्हणाली, "फरशी चांगली होती." मी "हो" म्हणाले.

त्यानंतरच्या दिवशी देसाईबेन वाडीतलं घर तपासायला येणार होत्या. त्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशीच एका हातगाडीपुढे हरली. त्या पायी आल्या, पायात खेळाचे बूट, कपाळावर घाम. वाटेत चार जणांना पत्ता विचारला तर चौघांनीही "हेमंतभाईचं घर ना?" म्हणत रस्ता दाखवला, हे त्यांनीच आत आल्या आल्या सांगितलं. मग खुर्चीवर बसून त्यांनी कोकिलाबेनना विचारलं, "हे चहा घेतात का?"

"घेतात," हेमंत म्हणाला. "आणि... पाहुण्यांनापण देतात. साखर किती?"

देसाईबेन ओशाळल्या आणि मग मोकळ्या हसल्या. पण काम त्यांनी चोख केलं. रात्री आग लागली तर? भाऊ आला नाही तर? जिग्नेशला गॅस बंद करता येतो का? जिग्नेशने गॅस तीनदा चालू करून तीनदा बंद करून दाखवला. चौथ्यांदा करायला लागला तेव्हा कोकिलाबेननी त्याला आवरलं.

"खरं सांगू का," देसाईबेन म्हणाल्या, "घर मला आवडलं. पण वर आराखडा पाठवायचा तर एक इमारत दाखवणं सोपं. शंभर पलंग म्हटलं की सगळ्यांना समजतं. अशी लहान लहान घरं गल्लोगल्ली केली तर निधी कुठल्या नावाने मागायचा? तपासायला कोण फिरणार?"

"तुम्ही," हेमंत म्हणाला. "बूट... चांगले आहेत."

तेवढ्यात सुमनताई डबा उघडायला लागली. हेमंतने तिला थांबवलं. "आई, आज जिग्नेशने... खिचडी केलीय. तू बस. आज तू... आमच्याकडे जेव."

सुमनताईला लेकाच्या घरी कोणी ताट वाढण्याची ती पहिलीच वेळ असावी. ती अवघडून बसली. जिग्नेशने खिचडी वाढली, वर तुपाची धार सोडली, आणि तिच्या तोंडाकडे डोळे लावून उभा राहिला. तिने घास घेतला. मीही घेतला. खिचडी खालून लागलेली होती आणि मीठ दोन वेळा पडलं होतं.

"चालशे (चालेल)," सुमनताई म्हणाली आणि दुसरा घास घेतला. जिग्नेशने टाळी वाजवली.

देसाईबेन तिच्याकडे वळल्या. "सुमनबेन, तुम्ही आई. तुमची इच्छा काय ते सांगा, मी तसं वर कळवते. आईच्या शब्दाला वजन असतं."

माझ्या हातातला घास थांबला. तिने आता 'संकुल' म्हटलं की काम झालं; त्यासाठीच तर तिने मला नाशिकहून बोलावलं होतं. हेमंतने आईकडे पाहिलं, मग नजर संगणकाकडे वळवली. पडद्यावर कुणाची तरी अर्धवट लग्नपत्रिका होती.

सुमनताई पाणी प्यायली, तिने पदराने तोंड टिपलं. "मला काय विचारता?" ती म्हणाली. "तो बसलाय ना तुमच्या बाजूला. त्याला विचारा. मात्र बोलायला वेळ लावतो, मध्ये तोडू नका."

हेमंतला बोलायला खरंच वेळ लागला, त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त. कुणी मध्ये बोललं नाही. "मी... इथे राहणार," तो म्हणाला. "आईनंतरपण. इथे... मला ओळखतात." देसाईबेननी ते जसंच्या तसं टिपून घेतलं. निघताना म्हणाल्या, "वचन देत नाही. भांडून बघते."

माझ्या परतीच्या दिवशी सकाळी सुमनताई म्हणाली, चल, हेमंतला भेटून मग स्टेशनवर जाऊ. आम्ही वाडीत पोचलो तर दाराला कुलूप. सुमनताईचा चेहरा पांढरा पडला. "दवाखान्यात नेलं की काय!"

ओटल्यावर शारदाबेन तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ए लोको तो पिक्चर जोवा गया." (ते सिनेमा बघायला गेले.)

"मला न सांगता?" सुमनताई म्हणाली. तिने फोन लावला, कुणी उचलला नाही. थोड्या वेळाने माझ्या फोनवर निरोप आला: मावशी, सॉरी, तिकिटं आधीच काढली होती, आवजो (पुन्हा या). मी तो तिला वाचून दाखवला. ती शारदाबेनशेजारी ओटल्यावर टेकली. आता रडणार असं मला वाटलं. पण ती हसायला लागली, तोंडाला पदर लावून, पोट धरून. "बाप अस्साच होता," म्हणाली. "रेल्वेतून परस्पर पिक्चरला जायचा. मेला सांगायचाच नाही!"

नाशिकला आल्यावर काही आठवड्यांनी तिचा फोन आला. घराला आणखी एका वर्षाचा निधी मंजूर झाला होता आणि नव्या आराखड्यात शहरातल्या लहान घरांसाठी एक वेगळं कलम घातलं होतं. एका वर्षानंतर काय, हे कुणालाच माहीत नाही. देसाईबेन पुन्हा भांडतील, बहुतेक. संकुलातल्या त्या बाईंना सुमनताई परवानगी काढून एका रविवारी मांडवीला घेऊन गेली होती. नको नको म्हणत त्यांनी हात भरून बांगड्या घेतल्या, असं ती कौतुकाने सांगत होती.

सरकार पलंग मोजतं, कारण पलंग मोजता येतात. माणसाला शुक्रवारी काय खावंसं वाटेल हे कुठल्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न अवघड आहे आणि मला त्याचं उत्तर येत नाही. बडोद्याला काय काय पाहिलं, असं शेजारणी विचारतात. राजवाडा राहिला, सूरसागर तलाव रिक्षातून ओझरता दिसला. मी सांगते, शेवटच्या दिवशी भाच्याला भेटायला गेले होते, पण तो घरी नव्हता. "अरेरे, एवढ्या लांब जाऊन!" त्या हळहळतात. मी मान हलवते, आणि हसू दिसू नये म्हणून चहा टाकायला आत जाते.