शून्याकडे, फक्त उजवीकडून

गुरुग्रामच्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ती पुण्याची, अजून प्रोबेशनवर, दिल्लीत मुनिरकाला खोली घेऊन राहायची. पहिल्याच दिवशी चहाला तिने विचारलं, "काका म्हणू की दादा?"

"दादा म्हण. केस अजून रंगवतो मी."

आम्ही कॉलेजांसाठी गणिताचं सॉफ्टवेअर बनवतो. आकडे न घालता, चिन्हांतच गणित सोडवणारं. त्यातलं लिमिट माझ्याकडे. एखादी राशी शून्याच्या जवळ जाताना कुठल्या किमतीकडे सरकते, ते शोधायचं. खरं तर दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. मी फार पूर्वी आळसाने लिहून ठेवलं होतं, बाजू सांगितली नसेल तर फक्त उजवीकडून बघायचं. बहुतेक वेळा खपून जायचं.

तिला ते खटकलं. "दादा, संख्येला तिच्याच केवल मूल्याने भागा. शून्याकडे उजवीकडून गेलं की एक, डावीकडून उणे एक. म्हणजे लिमिट नाहीच. आणि आपण बिनधास्त एक छापतो." तिचं म्हणणं, लिमिट आधी न सोडवता जसंच्या तसं मांडून ठेवावं, दोन्ही बाजू जुळल्या तरच उत्तर द्यावं.

"बघू पुढच्या रिलीजला," मी म्हटलं.

त्याआधीच एका कॉलेजात डेमोच्या वेळी प्राध्यापकांनी नेमकं हेच उदाहरण दिलं. पडद्यावर एक. ते कॉलेज हातचं गेलं.

मीटिंगमध्ये डायरेक्टरांनी विचारलं, "ये किसका काम है?" कोडच्या फाइलवर शेवटचा बदल तिच्या नावावर होता. तिने फक्त उत्तर छापायची मांडणी सुधारली होती. माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "दादा, सांगा ना."

त्या खोलीत ते मराठी फक्त माझ्यासाठी होतं. मला टीमचा प्रमुख करायचं तेव्हा चाललं होतं. मी हिंदीत म्हणालो, "चेक करके बताते हैं, सर." आणि काहीच सांगितलं नाही.

तिला कायम केलं नाही. मुनिरकाच्या अरुंद जिन्यावरून तिची गादी मीच खाली उतरवली. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"चल, टेम्पोवाला थांबलाय."

तेव्हा काही वाटलं नाही. आजही वाटतं असं म्हणवत नाही.

नंतर लिमिट मी तिच्याच पद्धतीने लिहिलं. शाबासकी मला मिळाली.

गेल्या आठवड्यात डायरेक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. चूक माझी, पद्धत तिची, तिला परत बोलवा.

ते म्हणाले, "अरे यार, वो तो कब की गई. अब क्या फायदा? चलो, खाना खाते हैं."

मी त्यांच्या मागोमाग कँटीनला गेलो. राजमा होता. जेवलो.

तिला अजून फोन केलेला नाही.