माझ्या फिल्मवर सरांचं नाव

खारघरच्या सरांनी मला फसवलं. मी दिग्दर्शित केलेली अठरा मिनिटांची फिल्म त्यांनी स्वतःच्या नावाने महोत्सवाला पाठवली. आता माझं नाव परत जागेवर आलं आहे. मी नीट जेवते, झोपते, माणसांवर ओरडणंही नेहमीइतकंच झालं आहे. तरी घडलं ते लिहून ठेवते.

रबाळ्याला माझा कपडेपटाचा गाळा आहे. शूटिंगला लागणारे पोलिसांचे गणवेश, नर्सचे कोट, नऊवारी, वकिलांचे डगले मी भाड्याने देते. एका शिलाई मशीनवर सुरुवात केली, शिकवायला कुणी आलं नाही. प्रॉडक्शनवाले येतात, "मावशी, जरा बघा ना" म्हणतात. मी बघते आणि आधी सांगितलेला भावच पुन्हा सांगते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सेटवर उभी राहून वाटायला लागलं की हे आपल्यालाही जमेल. गोष्ट माझ्याच गाळ्यातली होती. पोलिसांचे गणवेश शिवणारी बाई स्वतःची तक्रार घेऊन चौकीत जाते आणि समोरच्या हवालदाराच्या अंगात तिनेच शिवलेला शर्ट असतो.

फिल्म करता येते, पण ती बघणार कोण? त्याला ओळखी लागतात आणि माझ्या ओळखी मेकअप व्हॅनपर्यंतच्या. सर दर रविवारी सकाळी एका हॉलमध्ये आम्हा चाळीसेक नवख्यांना मार्गदर्शन करायचे. माणूस शिकवायचा छान, हे मी नाकारत नाही. माझ्या पटकथेत ती बाई चौकीत दोन पानं भांडत होती. सर म्हणाले, "ताई, भांडता तुम्ही. तिला गप्प बसवा, तिला फक्त त्या शर्टाची शिवण दिसू दे." मी चिडले, घरी गेले आणि दोन्ही पानं काढून टाकली. फिल्म खरी उभी राहिली ती तिथेच. चहाच्या वेळी ते कॅमेरावाल्याला लेखकाशी, लेखकाला नटाशी स्वतः भेटवायचे. माझी अर्धी टीम त्या चहावर जमली आणि फिल्म पूर्ण झाली.

सरांची एक रीत होती. महोत्सवाचे फॉर्म ते स्वतः भरायचे. त्यांच्या ईमेलवरून गेलेली फिल्म निवडणारे उघडून तरी बघतात, असं सगळे म्हणायचे, आणि ते खरंही होतं. परत आलेल्या गणवेशाची बटणं मोजल्याशिवाय मी पावती फाडत नाही. पण तो फॉर्म मी बघायला मागितला नाही. "तुम्ही पुढची गोष्ट लिहा, हे मी बघतो," म्हणाले. मला बरं वाटलं. आपल्यासाठी कुणीतरी काही बघतंय, याची सवयच नव्हती.

मग एके दिवशी आमच्या ग्रुपवर महोत्सवाचं वेळापत्रक आलं. माझ्या फिल्मचा फोटो, खाली दिग्दर्शक म्हणून सरांचं नाव. माझं नाव कथा आणि वेशभूषेत. त्याखाली टाळ्यांची रांग लागली. त्यातले सहा जण माझ्या सेटवर होते, मी "अ‍ॅक्शन" म्हणताना त्यांनी ऐकलं होतं. एकानेही विचारलं नाही.

मी सरांना फोन लावला.

"सर, हे काय छापलंय?"

"अहो ताई, शांत व्हा. कपडेपटवाल्या बाईंची फिल्म म्हटल्यावर कोण बघणार? माझ्या नावाने दार उघडलं ना?"

"दार उघडलंत ते ठीक. घर कशाला नावावर करून घेतलंत?"

ते हसले. म्हणाले, "सहदिग्दर्शक टाकू या तुमचं." मी नको म्हटलं. मग म्हणाले, "बरं, दोघांची नावं बरोबरीने." मग एका मोठ्या निर्मात्याशी भेट घालून देतो म्हणाले, पुढच्याच आठवड्यात. जन्मभर मी भाव करताना समोरच्याला वर चढवत आले. त्या दिवशी माणूस आपणहून चढत होता आणि मला सौदाच करायचा नव्हता. मी फोन ठेवला आणि गाळ्याचं शटर एवढ्या जोरात ओढलं की शेजारचा फॅब्रिकेशनवाला बाहेर आला.

महोत्सवाच्या ऑफिसातल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे आलेल्या कॉपीत दिग्दर्शक म्हणून सरांचंच नाव आहे. तुमच्याकडे काही पुरावा?"

मी थेट जुईनगरला एडिटरकडे गेले. हा माझ्याहून वयाने मोठा, उरणकडचा गडी, घरातल्याच खोलीत एडिटिंगचं टेबल टाकून बसतो. मी सांगितलं तसा त्याचा चेहरा पडला. सरांनी त्याच्याकडून नावं नसलेली कॉपी मागून घेतली होती, सबटायटलला हवी म्हणून, आणि तिच्यावर स्वतःचं नाव चढवलं होतं. "ताय, मना वाटला तुमचा दोघांचा ठरलाय," म्हणाला. मी तोंड सोडणार तेवढ्यात तो म्हणाला, "थांब गो जरा. क्लॅप हाय ना!"

प्रत्येक शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर पाटी धरतात, तो क्लॅप. पाटीवर शॉटचा नंबर असतो आणि दिग्दर्शकाचं नाव. एडिटर ते तुकडे कापतो, फेकत नाही. त्याने सगळे शोधून एकामागून एक जोडले. आम्ही दोघं बघत बसलो. पाटी, माझं नाव, टक. पाटी, माझं नाव, टक. सत्तरेक वेळा. काही तुकड्यांत कॅमेऱ्यामागून माझा आवाजही होता, "अरे, कॉलर सरळ करा त्याची!" दहाव्या टकला मी हसायला लागले. विसाव्याला रडत होते, आणि त्याची बायको न विचारता पाण्याचा तांब्या ठेवून गेली. दोन दिवस छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं.

तो व्हिडिओ आम्ही तिथूनच पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला, "मॅडम, दुरुस्ती केली आहे. तुमच्या नावाची मूळ कॉपी पाठवा." त्यांनी माफीही मागितली, खरं तर चूक त्यांची नव्हती.

शोला मी तिसऱ्या रांगेत बसले होते. काळ्या पडद्यावर माझं नाव आलं, चार सेकंद राहिलं, गेलं. मग फिल्म सुरू झाली. चौकीतल्या त्या गप्प जागेवर हॉलही गप्प होता. मी पायातल्या चपला काढल्या आणि मागे टेकून आपलीच फिल्म प्रेक्षकासारखी बघितली.

सर आले नव्हते. त्यांचा मेसेज आला, "गैरसमज झाला, भेटून बोलू."

भेटून नाही, सर. हॉल तुमचा आहे, माइक तुमचा आहे, रविवारी चाळीस माणसं समोर बसतात. तो फॉर्म भरताना माझं नाव तुम्ही का वगळलंत, ते त्यांच्यासमोर उभं राहून सांगा. आणि माझ्याआधी ज्यांचे ज्यांचे फॉर्म तुम्ही भरलेत, त्यांच्या फिल्मवर कुणाची नावं गेली, याचंही उत्तर द्या.