नकाशावरची टिकली

मैत्रिणींनो, आज दुपारी बारामतीत लेकीच्या कॉलेजात पालकसभा होती. माझंही कॉलेज हेच. तिथून आल्या आल्या लिहितेय.

हॉलमध्ये आवाराचा मोठा नकाशा लावला होता. मॅडम म्हणाल्या, "मुलींनो, जिथं भीती वाटते तिथं टिकली लावा. तुम्हाला विचारूनच आवार नव्यानं करायचंय."

नव्वदच्या दशकात आम्हालाही असंच विचारलं होतं. मी जवळच्या अंथुर्णे गावची, येणंजाणं एसटीनं. एसटीला वेळ असला की आम्ही मुली सायकल स्टँडमागच्या कडुलिंबाखाली बसायचो. पोरं तिथं येऊन छळायची. मी कपाळावरची टिकली काढून नकाशावर त्याच जागी लावली. वाटलं, आता दिवा येईल, बाक येतील.

आठ दिवसांत पाटी आली, 'मुलींनी येथे थांबू नये.' जिथं टिकली, तिथं पाटी. मैदानसुद्धा मुलींना बंद झालं. पोरं होती तिथंच राहिली. माळीकाम करणारे तात्या म्हणाले, "पोरींनो, जागा मागाय गेला आन् हाय ती बी घालवून बसला."

आज लेकीनं हळूच विचारलं, "आई, त्या कडुलिंबाखाली लावू? पोरं लई तरास देत्यात गं."

पाटी कधीच गंजून पडली होती. मुली पुन्हा तिथं बसायला लागल्या होत्या.

मी तिचा हात धरला. "कुठंच लावू नको."

सभा संपली तेव्हा नकाशा जवळजवळ कोराच होता. मॅडम खूश. "बघा, आपलं आवार किती सुरक्षित आहे!"

शेजारी दोघी आया खाली मान घालून बसल्या होत्या. दोघी तेव्हा माझ्याच वर्गात होत्या.

तुम्ही लावू दिली असती टिकली?