घरमालकिणीचं मत

माझी भाची मोबाईलवर कोरियन मालिका बघते. परवा माझ्याच शेजारी बसून बघत होती. नवऱ्यापासून काडीमोड घेतलेली एक बाई छोट्याशा दुकानात पाव भाजते आणि पुन्हा उभी राहते, अशी काहीशी गोष्ट. भाग संपला की खाली देशोदेशीची माणसं आपापली मतं लिहितात, ती भाची मला वाचून दाखवते. कुणी म्हणतं, तिने त्याला माफ करायला नको होतं. कुणी म्हणतं, एवढं रडायचं काय कारण? मग भाचीने विचारलं, "आत्या, तुझं मत काय?" मी म्हटलं, बाई, मला मत विचारू नकोस, एका मताने मी चांगली पोळले आहे. तिला वाटलं, मी गंमत करते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझं माहेर जळगावचं, सासर भुसावळचं, आणि त्या सासरावर कोर्टाचा शिक्का बसून ते संपलेलं. का संपलं ते सांगत बसत नाही. त्याला दुसरी हवी होती आणि मला तो नको झाला होता, एवढं पुरे. मग धुळे जिल्ह्यात, साक्रीच्याही पलीकडे डोंगराच्या कडेला एका गावात माझी शाळेवर नेमणूक झाली. एसटीत बसवताना वडील खिडकीपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तिथं काही बोलू नकोस. मंगळसूत्र राहू दे गळ्यात. कुणी विचारलंच तर मिलिटरीत आहेत म्हण." वडिलांनी आयुष्यात मला दिलेला सगळ्यात वाईट सल्ला हा, आणि नेमका तोच मी ऐकला.

गावात मला खोली मिळाली ती अक्काच्या घराला लागून. अक्का माझी घरमालकीण. पन्नाशीची, उंच, हाडापेराने मजबूत. नवरा दिवसभर शेतात आणि एकुलता मुलगा सुरतेला गिरणीत. मुलाचं पत्र आलं की ते मी वाचून दाखवायचं आणि उत्तरही मीच लिहायचं, कारण तिला अक्षर येत नव्हतं आणि नवऱ्यालाही. पत्र वाचून झालं की ती परत पहिल्यापासून वाचायला लावायची. मी वैतागायचे. पण वाचायचे.

आणि रोज संध्याकाळी, मी शाळेतून आले की भिंतीपलीकडून हाक यायची, "बाई, सायेबनं पत्र उनं का?"

साहेबांचं पत्र आलं का, म्हणजे माझ्या नवऱ्याचं. मी सांगायचे, त्यांची पत्रं जळगावला येतात, माझ्या आईकडे. एक खोटं बोललं की त्याला जेवूखाऊ घालावं लागतं. हुद्दा सांगावा लागला, ठिकाण सांगावं लागलं. पहिल्याच हिवाळ्यात मी म्हणून बसले की हल्ली ते बर्फात आहेत. अक्काने घाबरून विचारलं, "बरफमा पाय गळी जातस ना?" कुठून ऐकलं होतं कोण जाणे. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हटलं, "जातात कुणाकुणाचे."

बस, एवढंच. मी विसरूनही गेले.

एकटेपणाचं म्हणाल तर शाळेत साठ पोरं असायची, गल्लीत बायका असायच्या, पण मला कुणाशी मोकळं बोलता येत नव्हतं. बोलायला गेलं की आधी आठवावं लागायचं, मागच्या वेळी आपण काय सांगितलं होतं. म्हणून मी बोलणंच कमी केलं. गावात सगळे म्हणायचे, बाई फार शांत. शांत कसली, कपाळ माझं! जळगावला असताना माझ्या तोंडाला खळ नव्हता. इथे एका माणसाच्या दोन भाकऱ्या थापायच्या, त्यातली एक दुसऱ्या दिवशी शिळी खायची, आणि भिंतीपलीकडे अक्का नवऱ्याशी काय बोलते ते ऐकत बसायचं. मला तिचा फार हेवा वाटायचा.

पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला साक्रीच्या बाजारातून चपला आणल्या होत्या. ती चैत्रातल्या फुफाट्यात अनवाणी चालायची, टाचांना भेगा पडलेल्या, आणि ते मला बघवेना. चांगल्या कातडी चपला, अंगठ्याच्या. तिने त्या हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कोनाड्यात ठेवून दिल्या. पायात एकदाही घातल्या नाहीत. मला इतका राग आला! मनात म्हटलं, पसंत नसतील तर तोंडाने सांगावं. दोन दिवस मी फुरंगटून बसले होते. तिने काही खुलासा केला नाही, नुसती हसली.

तर टीव्ही. ग्रामपंचायतीत सरकारी टीव्ही होता, लाकडी पेटीत कुलूप लावलेला, किल्ली शिपायाकडे. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात रविवारी सकाळी एक हिंदी मालिका सुरू झाली. नवऱ्याने टाकलेली शहरातली बाई, घटस्फोट होतो, ती भाड्याची खोली घेते, शिवणकाम करते. शेताची कामं उरकली होती, त्यामुळे बायका भरभरून यायच्या. हिंदी पुरुषांना बाजारापुरतं यायचं, बायकांना तेवढंही नाही. म्हणून माझी नेमणूक झाली. टीव्हीशेजारी लाकडी खुर्ची, आणि पडद्यावर कुणी बोललं की मी ते अहिराणीत सांगायचं. घटस्फोटाचा भागही मलाच सांगावा लागला. सांगून टाकलं एकदाचं, "कोरटमा गयी आनि मोडी टाकं."

आणि मग मी कान टवकारून बसले. आता या बायका काय म्हणतात? त्या पडद्यावरच्या बाईला जे म्हणतील तेच उद्या मला म्हणणार. खोली ठेवतील की ट्रंक बाहेर काढतील, हे मला तिथेच कळणार होतं.

डोंगराकडच्या पाड्यावरची एक म्हातारी पहिल्यांदा बोलली, "हाई इतली रडस कसाले? दाल्लानी टाकी दिधी ते टाकी दिधी. दुसरा कर ना माय!" दाल्ला म्हणजे नवरा. सगळ्या खदखदून हसल्या. सरपंचांच्या सुनेचं म्हणणं, एकदा पाय धरून परत जायला हवं होतं. तिच्या शेजारणीला कोर्टाचाच राग, चार पंच बसवून मोडलं असतं तर सहा भाग वाचले असते म्हणे. एकीला फक्त त्या बाईची कर्णफुलं हवी होती. अर्धा तास वाद झाला. आणि अशा बाईला गावात खोली देऊ नये असं एकीनेही म्हटलं नाही. एकीनेही! त्यांच्यात मोडणं होतं, गंधर्व लावून दुसरं घर करणं होतं, जगणं पुढे चालत होतं. दोन वर्षं मी जिला भीत होते ती गोष्ट इथे कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. मला हसावं की रडावं कळेना. आज घरी गेल्यावर अक्काला सांगून टाकायचं, असं ठरवून मी घरी आले आणि भाकरी करून झोपले. जमलं नाही.

पुढच्या रविवारी पडद्यावरची बाई आपल्या म्हाताऱ्या घरमालकिणीला सांगते, माझे पती दुबईला असतात, लवकरच येतील. मी ते कसंबसं अहिराणीत सांगितलं. बायका हसल्या. कुणी म्हणालं, भलती चतुर. कुणी म्हणालं, काय करील बिचारी.

अक्का कधी मत द्यायची नाही. त्या दिवशी बोलली. "आनि त्या घरवालीनी देवीले काही बोली ठेयेल व्हई ते? तिना दाल्लासाठे? मंग तिनी काय करानं?"

त्या घरमालकिणीने त्या बाईच्या नवऱ्यासाठी देवीला नवस बोलून ठेवला असेल तर तिने काय करायचं. बायका आणखीच हसल्या. पिक्चरमधली म्हातारी कशाला नवस बोलते, म्हणाल्या. मी हसले नाही. मी अक्काच्या पायांकडे पाहिलं. ती मांडी घालून बसली होती आणि तळवा वर आला होता, काळा, चिरलेला.

परत येताना मी विचारलं, "अक्का, तू चपला का घालत नाहीस?"

ती लाजल्यासारखी हसली. म्हणाली, सांगायचं नसतं, पण तू विचारलंस. पहिल्या हिवाळ्यात तू म्हणालीस ना, बर्फात पाय गळतात. मी गडावरच्या देवीला बोलले, बाईचा माणूस धड पायांनी घरी येऊ दे. तोवर मी पायात काही घालणार नाही. आला की गड चढीन.

दोन वर्षं. दोन उन्हाळे, काटे, चिखल, दगड. आणि तो भुसावळला पंख्याखाली बसून दुसरीच्या हातचं जेवत होता.

पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही. सांगितलं तर ती मला काय म्हणेल? त्या गावात माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, तेही जाईल. आणि नाही सांगितलं तर ती जन्मभर अनवाणी फिरेल. कधी मनात यायचं, बदली मागून निघून जावं आणि जळगावहून कळवावं, साहेब आले. एवढी मी नीच झाले होते. खोटं का बोलावं, पण सोपं वाटत होतं.

एका सकाळी ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसले, चार शेंगा फोडल्या आणि सगळं सांगितलं. कोर्ट, वडील, एसटीची खिडकी, सगळं. ती शेंगा फोडतच राहिली. मग म्हणाली, "मंग तो बरा शे ना? पाय धड शेतस?"

मी म्हटलं, "धड आहेत. घरी आहे. मुलगा झालाय त्याला."

"मंग देवीनी आयकं," ती म्हणाली. "घर पोचना. कोनं का घर व्हयेना."

घरी पोचला, मग ते घर कुणाचं का असेना. मला वाटलं, सुटले. मी रडायला लागले. तिने रडू दिलं. नंतर उठली, कोनाड्यातून ते वर्तमानपत्र काढलं, उलगडलं, चपला जमिनीवर ठेवल्या आणि पाय घातला. पाय आत जाईना. दोन वर्षांत पंजा पसरला होता, अंगठा बाजूला गेला होता. तिने दुसरा घालून पाहिला. मग दोन्ही चपला माझ्याकडे सरकवल्या आणि म्हणाली, "तूच घाल." आणि माझ्याकडे न बघता, "दोन वरीस मी तुनासाठे देवीसंगे बोलत राहिनू. तू माले एक शबद नही सांगं."

नवऱ्याने टाकलेली म्हणून ती मला एका शब्दानेही बोलली नाही, तेव्हा नाही आणि पुढेही नाही. गावातही कुणाला सांगितलं नाही. मी आपणच मंगळसूत्र काढलं, तेव्हा चार दिवस कुजबुज झाली, मग कांदा काढणीला आला आणि विषय संपला. चैत्रात अक्का गड चढून आली. गल्लीतल्या पाच बायका बरोबर होत्या, मला विचारलं नव्हतं. प्रसाद आणून हातावर ठेवला, म्हैस ओरडतेय म्हणाली आणि गेली.

आणि संध्याकाळची हाक बंद झाली. पत्र आलं का, हे विचारायचं काही कारणच उरलं नव्हतं. दोन वर्षं त्या प्रश्नाने माझा जीव नकोसा केला होता. आता शाळेतून आले की मी दार उघडं ठेवून उगाच भांडी वाजवत बसायचे, तिने काहीतरी म्हणावं म्हणून. पलीकडून फक्त पोहऱ्याचा आवाज यायचा.

मालिकेचा शेवटचा भाग आला. त्यात त्या बाईने घरमालकिणीला खरं सांगितलं. म्हातारीने लगेच तिला पोटाशी धरलं, मागे वाजंत्री वाजली, दोघी हसल्या. मी सगळं अहिराणीत सांगितलं. बायकांनी डोळे पुसले. छान झालं म्हणाल्या. अक्का उठली, लुगडं झटकलं आणि दाराशी जाऊन म्हणाली, "हाई खोटं शे. इतलं लवकर नही होत."

मी त्या वाक्याला धरून बसले. लवकर होत नाही म्हणजे उशिरा होत असेल. मी थांबायला तयार होते. वर्ष म्हणा, दोन वर्षं म्हणा, तिने माझ्यासाठी काढली तेवढी तरी. पण जूनमध्ये बदलीचा हुकूम आला, रावेरकडचा. मी मागितली नव्हती, देवाशपथ मागितली नव्हती. अक्काला ते खरं वाटलं की नाही, मला माहीत नाही.

एसटीच्या फाट्यापर्यंत ती माझी वळकटी घेऊन आली. अनवाणीच. मी तिच्याच चपला घातल्या होत्या. गाडी आली तेव्हा म्हणाली, "पोचनी का पत्र टाक."

मी पोचले त्याच दिवशी टाकलं. चार पानं. त्यात पहिल्यांदा तिला एकही खोटी गोष्ट लिहिली नव्हती. उत्तराची वाट बघत पावसाळा गेला, मग एकदा भाकरी थापता थापता माझ्या ध्यानात आलं की त्या घरात आलेलं पत्र वाचून दाखवणारी मीच होते.