बैलाच्या जोडीला मी

गावाने आम्हाला वाळीत टाकलं, त्या पावसाळ्यात मी बैल झालो. हे अलंकारिक वगैरे बोलत नाही. खरोखरचं जू खांद्यावर घेऊन चिखलात उभा राहिलो, आणि बैल म्हणूनही काही फार चांगला निघालो नाही.

इंग्रज-जर्मनांची मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. आमचं गाव किन्हवलीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. हिवतापाने मरायला टेकलो होतो तेव्हा मला मुरबाडला पाद्रीबाबांच्या दवाखान्यात नेलं. तिथे बरा झालो, अक्षरं शिकलो, आणि पुढे बराच विचार करून आम्ही नवराबायकोने बाप्तिस्मा घेतला. गावाला आधी हसूच आलं. “ताप उतरला नाय, डोक्यात गेला,” म्हणाले. पण लावणीआधी दर घरातून गावदेवीपुढे एक नारळ ठेवायची रीत. आमच्या घरचा नारळ गेला नाही, तेव्हा हसू थांबलं. चावडीत ठरलं : यांच्याशी बोलायचं नाही, यांना चुलीला विस्तव द्यायचा नाही, यांच्या शेतावर जायचं नाही.

न्हाव्याने येणं बंद केलं ते मी हसण्यावारी नेलं. बायकोकडून केस कापून घेतले आणि उंदराने कुरतडलेल्या टोपलीसारखं डोकं घेऊन ऐटीत हिंडलो. खरा घाव पुढेच होता. माझ्याकडे बैल एकच. शेजाऱ्याकडेही एकच. दोघांची मिळून जोडी करायची, आधी त्याचं शेत नांगरायचं, मग माझं. याला आमच्याकडे सावड म्हणतात. ही सावड आमच्या बापांपासूनची. शेजाऱ्याने ती मोडली. मोडली म्हणजे भांडला नाही. मान खाली घालून आपला बैल सोडून घेऊन गेला. आजूबाजूच्या गावांतही निरोप पोचले होते, कोणी बैल देईना. इकडे रोपं लावणीला आलेली. वेळेत खाचरं नांगरून चिखल केला नाही तर रोपं जून होणार आणि वर्षाचा भात हातचा जाणार.

“कुदळीनं खणू,” मी म्हटलं.

“होईल की दिवाळीपर्यंत,” बायको म्हणाली.

तेव्हा मला ती कल्पना सुचली. मला कल्पना सुचली की आमच्या घरी आधी पाण्याचा हंडा भरून ठेवतात, कारण पुढे काहीतरी धुवावं लागतंच.

जुवाच्या एका बाजूला बैल, दुसऱ्या बाजूला मी, आणि नांगराच्या मुठीवर बायको. बैलाने माझ्याकडे एकदा वळून पाहिलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्याने माझ्याविषयी इतकं वाईट मत कधी केलं नसेल. नांगराची पहिली रेघ, पहिलं तास धरताना मी जोर लावला, तो थांबला. मी थांबलो, तो चालला. वळणावर तो सवयीने आत वळला आणि मी तोंडावर चिखलात. बायकोने बैलाला उचललेली काठी माझ्या पाठीत बसली. चुकून, असं ती अजून म्हणते.

बांधावर हां हां म्हणता जत्रा जमली. बोलायला बंदी होती, पण ती आमच्याशी. आमच्याविषयी बोलायला नव्हती.

“अगो, बाईनं नांगर धरला!”

“डावा बैल बघ कसा फुगलाय!”

“शेपूट नाय रे त्याला, माश्या कशा हाकलणार?”

मीही हसलो. हसलो नसतो तर रडलो असतो, आणि चिखलाने भरलेल्या हातांनी डोळे पुसता येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी पाटील आले. पाठ इतकी धरली होती की मी त्यांना वाकूनच भेटलो. त्यांच्या हातात नारळ होता. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, “ऐक रे. हा देवीपुढं ठेव. हात जोडू नको, तोंडानं काय बोलू नको. घरात तुझा देव तू भज. नुसता नारळ ठेव. आताच्या आता बैलजोडी लावून देतो.”

माझ्या तोंडाला कधी लगाम नव्हता. मी म्हटलं, “नुसताच ठेवायचा तर तुमीच ठेवा की माझ्या नावानं!”

पाटलांचं तोंड उजळलं. “ठेवतो! चालंल! मिटलं रे, मिटलं!” आणि ते बांधावरच्या माणसांकडे वळून सांगायलाच लागले.

ज्याच्यासाठी इतके दिवस बैल झालो होतो, ते मी एका फाजील शब्दात देऊन टाकलं होतं. आणि खरं सांगतो, क्षणभर बरंही वाटलं. काही न करता सुटलो होतो. पाठही सुटली होती. मागे वळून पाहिलं तर बायको नांगराची मूठ धरून उभी. तिने मूठ सोडली नाही.

“पाटील,” मी हाक मारली. “मी थट्टा केली. माझ्या नावानं पण ठेवू नका. माझं नाव दुसऱ्याला दिलंय.”

“मर मग,” पाटील म्हणाले. त्यात राग होता, पण त्याहून जास्त वाईट वाटणं होतं.

आम्ही पुन्हा जू उचललं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

पण मी मनाने कितीही बैल झालो तरी अंगाने नव्हतो. मी कमी पडलो की सगळा ओढा बैलावर जाई. जू वाकडं बसून त्याचा खांदा सुजला. हे शेजाऱ्याने आपल्या बांधावरून पाहिलं असावं. दुसऱ्या सकाळी तो आपला बैल घेऊन सरळ आमच्या खाचरात उतरला. माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या बैलाच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाच म्हणाला, “काय रे, काय हाल केले तुझे या येड्यानं! सांग त्याला, बाजूला हो म्हणावं.”

मी बाजूला झालो.

पाटील धावत आले. “अरे, तू कसा गेलास तिथं?”

“वाळीत माणूस टाकलाय,” शेजारी जुवात बैल अडकवत म्हणाला. “बैल कुठं बाटलाय? तो काय मुरबाडला गेला होता?”

“आणि तू रे?”

“मी माझ्या बैलाच्या मागं आलो.”

पाटील आल्या वाटेने निघून गेले.

खाचरं नांगरून होईपर्यंत आम्ही दोघे बैलामार्फतच बोललो. मी बैलाला म्हटलं, “त्याला सांग, उपकार झाले.” तो बैलाला म्हणाला, “सांग त्याला, उपकार कसले? सावड हाय.” काम संपल्यावर त्याने बैल सोडला आणि मागे न पाहता गेला. पुढे मुरबाडला गेलो तेव्हा पाद्रीबाबा येशूच्या ‘माझे जू सोयीचे’ या वचनावर उपदेश करायला बसले. मी म्हटलं, उपदेश सावकाश करा, आधी पाठीला तेल द्या.

बंदी त्यानंतरही दोन पावसाळे चालली. त्या वर्षी लावणीलाही कोणी आलं नाही. रोपांच्या जुड्या बांधून आम्ही दोघेच खाचरात उतरलो. रोपांची टोकं पिवळी पडायला लागली होती. पलीकडच्या शेतात बायकांची लांबच लांब रांग लावत चालली होती. त्यातल्या एकीला राहवलं नाही. बंदी विसरून ती ओरडली, “अगो, दोघंच कदी लावणार एवढं?”

बायकोने मान वर केली नाही. “हाय तेवढं लावतो,” म्हणाली, आणि माझ्याकडे एक जुडी फेकली. “तुमी काय बघता? वाका.”

मी वाकलो.