साहेब बोलले ते सगळं सांगितलं

"यांच्यातल्या एकीनं तरी साधी साडी नेसायची ना हो!" मोकाशी साहेब माझ्या कानाशी कुजबुजले. "पाहुणे गरिबीवरची योजना बघायला आलेत, आणि इथं हळदीकुंकू चाललंय!"

चिंचवडच्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बांधकामावरच्या बारा मजूर बायका बसल्या होत्या. जरीच्या साड्या, गजरे, एकीच्या नाकात नथसुद्धा. साहेब मजूर नोंदणीच्या ऑफिसचे प्रमुख. त्यांनीच आदल्या दिवशी निरोप धाडला होता की परदेशी पाहुणे येणार आहेत, नीट आवरून या. बायका नीट आवरून आल्या. पाहुणा येणार म्हटल्यावर आपल्याकडे आणखी काय करतात?

"अजून अर्धा तास आहे. कुणी बदलून येता का?" साहेबांनी विचारून पाहिलं.

रांगेतल्या सुनंदाबाई परभणीकडच्या. त्यांनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. "पाव्हण्यापुढं फाटकं नेसून बसायला आमी काय सोंग काढलंय का, साहेब?"

साहेब घड्याळ बघायला लागले. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

मी दुभाषी, स्पॅनिश आणि मराठीची. एरवी माझं काम चाकणच्या कंपन्यांत. मशीन बसवायला तिकडचे इंजिनिअर येतात. ते चिडले की मी मराठीत चिडते, आपला सुपरवायझर चिडला की स्पॅनिशमध्ये. हे काम मात्र वेगळं होतं. दक्षिण अमेरिकेतल्या सरकारी खात्यांचे पाच जण आले होते. रोजंदारीच्या माणसाला आजारपणात, म्हातारपणी सरकार कसा आधार देतं, हे दोन्ही देशांनी एकमेकांचं बघून शिकायचं. याला नॉलेज शेअरिंग म्हणतात. बहुतेक वेळा यजमान स्लाइड दाखवतात, पाहुणे मान हलवतात आणि मग सगळे जेवायला जातात.

आमच्या धंद्याचे दोन नियम आहेत. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानंही 'मी' म्हणायचं. आणि खोलीत मोठ्यानं जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, गाळायचं नाही, भर घालायची नाही. कार्यक्रमाआधी मी हे साहेबांना सांगितलं होतं. ते "हो हो, मॅडम" म्हणाले होते. ऐकलं नव्हतं.

पाहुण्यांना फेटे बांधून झाले, स्लाइड झाल्या. पाहुण्यांच्या प्रमुख होत्या मार्सेला बाई. पिकलेले केस, तीस वर्षं लेबर इन्स्पेक्टर म्हणून बांधकामं हिंडलेल्या. त्यांनी थेट बायकांनाच विचारलं, "तुमच्यापैकी मजूर नोंदणीचं चालू कार्ड कुणाकुणाकडे आहे?"

अकरा हात वर गेले. सुनंदाबाईंचा गेला नाही.

"माझं या महिन्याच्या शेवटाला बंद पडतंय," त्या म्हणाल्या. "नव्वद दिसांचा दाखला न्हाई माझ्याकडं."

हा दाखला म्हणजे काय, ते सांगते. वर्षात निदान नव्वद दिवस बांधकामावर काम केलं, असं कुणीतरी सही करून दिलं तरच कार्ड पुढे चालू राहतं. सुनंदाबाई उभ्या राहतात पुनावळ्याच्या मजूर अड्ड्यावर. सकाळी कंत्राटदार येतो, "चला चार बाया" म्हणतो, टेम्पोत घालून नेतो. उद्या दुसरा कंत्राटदार. सही मागितली की सगळे हात झटकतात. सही केली म्हणजे ही बाई आपल्याकडे कामाला होती असं कबूल केल्यासारखं होतं, आणि मग तिचं पडलं-झडलं गळ्यात येतं.

"पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय," सुनंदाबाई म्हणाल्या. "तिची स्कॉलरशिप ह्याच कार्डावर. कार्ड गेलं की पोरगी घरी. चार खेपा घातल्या ऑफिसात. कंत्राटदाराची सही आणा म्हनतेत."

मी सगळं स्पॅनिशमध्ये सांगत होते. माझा स्वर जरा चढला असेल, पण शब्द एकही वाढवला नाही.

साहेब क्लार्ककडे वळून कडाडले, "हिला पुढं कुणी बसवलं?"

मोठ्यानं बोलले. मी ते सांगितलं.

पाहुण्यांची पेनं थांबली. साहेबांना कळायला दोन सेकंद लागले. "अहो मॅडम, हे आमचं आपसातलं होतं!"

मी तेही सांगितलं.

मार्सेला बाई आधी ओठ दाबून हसल्या, मग फेटा सावरत खदाखदा हसल्या. म्हणाल्या, "काळजी करू नका. आमच्याकडेही असेच साहेब आहेत." हे मी मराठीत सांगितलं तेव्हा बारा बायका तोंडाला पदर लावून हलत होत्या.

मग बाई गंभीर झाल्या. त्यांच्याकडे हीच अडचण होती. त्यांनी काय केलं, तर मजुरानं स्वतः ठेवलेली कसलीही नोंद आणायची, सोबतच्या दोघांनी साक्ष द्यायची, इन्स्पेक्टरनं पडताळून सही करायची. कंत्राटदाराच्या पाया पडायला नको. "तुमच्याकडे असं काही करून बघता येईल का?" त्यांनी विचारलं.

आता मोकाशी साहेब माणूस वाईट नाही. पण त्यांना कुणी काही शिकवलेलं चालत नाही. ते ताडकन उभे राहिले. "आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे! नियमातच आहे. कंत्राटदार सही देत नसेल तर अधिकारी स्वतः चौकशी करून दाखला देऊ शकतो. एका दिवसात होतं काम!"

सुनंदाबाईंनी चमकून वर बघितलं. चार खेपांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"वा!" मार्सेला बाई म्हणाल्या. "मग उद्या सकाळी आम्ही मोकळेच आहोत. या बाईंची चौकशी आम्हाला बघता येईल?"

"त्यांना सांगा, वेळ लागतो," साहेब मला म्हणाले.

"साहेब, एका दिवसात होतं असं तुम्ही आत्ताच म्हणालात. मी ते सांगितलंय."

आणि नियम म्हणजे नियम. माझं हे वाक्यही मी पाहुण्यांना सांगून टाकलं. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं पुढचं काम गेलंच म्हणून समजा. मग रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "उद्या साडेदहा. सगळ्यांनी या."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलाभोवती आम्ही आठ-नऊ जण. साहेबांनी घसा खाकरून विचारलं, "काय पुरावा आहे, बाई?"

सुनंदाबाईंनी मोबाइल पुढे केला. त्यांच्या लेकीचा हुकूम होता. आई उंचावर काम करते म्हणून पोरीचा जीव टांगणीला. रोज साइटवर पोचलीस की फोटो टाक, नाहीतर मी जेवणार नाही. वॉट्सॲपवर तारखेसकट सगळे फोटो होते. डोक्यावर हेल्मेट, कमरेला खोचलेला पदर, मागं उभी राहणारी इमारत.

साहेब मोजत गेले, क्लार्क लिहीत गेला. फोटो संपले तेव्हा आकडा झाला सत्त्याऐंशी.

"तीन कमी," क्लार्क म्हणाला.

सुनंदाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "मधी फोन बिघडला व्हता, साहेब." मलाच रडू यायला लागलं. दुभाष्यानं रडायचं नसतं, म्हणून मी पाणी प्यायले.

साक्षीला अड्ड्यावरच्या सखूबाई आल्या होत्या. त्यांनी आपला फोन काढला. "त्या दिसांच्या माज्या सेल्फीत बघा की. ही कुठंतरी मागं असतीच."

आणि खरंच होती. सखूबाई पुढं दात काढून हसतायत, मागं सुनंदाबाई घमेलं घेऊन जिना चढतायत. साहेबांनी चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांशी नेला. "हे बघा, अठ्ठ्याऐंशी! थांबा, थांबा, ही पण तीच, साडी तीच!" ते खुर्चीतून उठलेच. मार्सेला बाईही वाकून शोधायला लागल्या. "मोकाशी, इथं! वाळूच्या ढिगाशी!" त्या स्पॅनिशमध्येच ओरडून बोट दाखवत होत्या, मला काही सांगावंच लागलं नाही. आकडा ब्याण्णववर थांबला. साहेबांनी स्वतः शिक्का ओढून घेतला आणि सही ठोकली.

सुनंदाबाई तिथूनच लेकीला फोन करून म्हणाल्या, "झालं गं बाई. आता तरी जेव."

पुढच्या सोमवारी अड्ड्यावरच्या बायका फोन घेऊन ऑफिसात हजर. साहेबांनी त्यासाठी वेगळं टेबल लावलं. तीन महिन्यांनी मार्सेला बाईंच्या खात्यानं ऑनलाइन मीटिंग ठेवली, विषय फोटोवरून दिवस मोजायची पद्धत. बोलायला मोकाशी साहेब, दुभाषी मी. "ही कल्पना मला बऱ्याच वर्षांपूर्वीच सुचलेली होती," साहेब म्हणाले. मी ते शब्दशः सांगितलं. पलीकडे मार्सेला बाई खोकल्या.

या सगळ्यातून मी एक शिकले. साहेबाला त्याचा नियम सांगायला जाऊ नये, तो आपल्याला बाहेरच्या बाकावर बसवतो. तोच नियम त्याला चार पाहुण्यांपुढं छाती काढून सांगू द्यावा, आणि त्यानं श्वास घेतला की विचारावं, "मग कधी दाखवता?"